सिन्नरकडच्या विहिरीत सापडलेले स्फटिक: आधी गारगोटी की झिओलाइट, आणि एका नमुन्याची भुकटी का झाली?

मळेकरी यांचा प्रश्न

नमस्कार. सिन्नर तालुक्यात आमचा मळा आहे. तेथील जुनी विहीर गेल्या मे महिन्याच्या अखेरीस खोल केली. मुरूम संपल्यावर लागलेला काळा कातळ सुरुंगाशिवाय फुटेना, आणि तळाजवळच्या एका सुरुंगाने कातळातली, आत घागर सहज बसेल एवढी पोकळी उघडी पडली. तिचा बराचसा भाग खडीत गेला. दोन मोठे तुकडे मात्र अखंड हाती आले.

त्यांवरचे थर जसे दिसतात तसे सांगतो. कातळाला चिकटून निळसर हिरव्या, नखाने खरवडता येईल अशा मऊ पदार्थाचे पातळ अस्तर आहे. त्यावर अर्धा बोट जाडीचा, दुधी निळसर, गुळगुळीत आणि किंचित पारभासक थर आहे, आणि त्या थरातूनच बारीक, टोकदार, लखलखीत स्फटिक वर आलेले आहेत. ही गारगोटी असावी असा माझा अंदाज आहे. त्या टोकांवर फिकट गुलाबी-केशरी रंगाचे, मध्ये आवळून बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे दोन्ही अंगांना पसरलेले स्फटिक बसले आहेत. मोजक्या ठिकाणी त्यांच्याही वर काचेसारखे स्वच्छ, चौकोनी, चपट्या माथ्याचे स्फटिक आहेत, आणि त्या माथ्यावर मोत्याची झळाळी दिसते.

तेथून दोन हातांवर दुसरी लहान पोकळी निघाली. तीत बोटभर लांबीचे, तिरप्या टोकांचे पांढरे स्फटिक होते. पावसाळाभर ते घरातल्या कपाटात जसेच्या तसे राहिले. थंडी सुरू झाल्यावर मात्र त्यांना उभ्या चिरा पडत गेल्या आणि संक्रांतीपर्यंत त्यांची पांढरी भुकटी झाली. कोणी त्यांना हातही लावला नव्हता.

माझ्या शंका अशा. हे स्फटिक तापलेला लाव्हा थंड होतानाच तयार झाले का? थरांचा हा क्रम ठरलेला असतो की योगायोगाचा? आणि त्या पांढऱ्या स्फटिकांचे नेमके काय झाले?

कातळवाचक यांचे उत्तर

आपण थरांचे वर्णन इतके नेमके केले आहे की नमुना प्रत्यक्ष न पाहताही पुष्कळसे सांगता येईल. मी काही वर्षे महाविद्यालयात भूशास्त्र शिकवले आहे. त्या आधारावर लिहितो.

पहिल्या शंकेचे उत्तर 'नाही' असे आहे. बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या कातळाचा, लाव्हा बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. आपली गुलाबी-केशरी पेंढी ज्या गटातली आहे त्या झिओलाइट खनिजांच्या स्फटिकरचनेत पाण्याचे रेणू असतात आणि काही शे अंशांच्या आतच ते निघून जातात. स्वीडनचे खनिजवैज्ञानिक क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये या खनिजांचा वेगळा गट मानला तो याच गुणावरून, कारण फुंकनळीच्या ज्योतीत धरताच ती उकळल्यासारखी फसफसली. असे पाणीदार खनिज वितळलेल्या कातळात जन्म घेऊ शकत नाही. लाव्हाने दिली ती केवळ जागा. वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, विरघळलेले वायू सुटतात आणि त्यांचे बुडबुडे थिजत्या कातळात अडकतात. शेजारचे बुडबुडे एकमेकांत मिसळले की आपल्याला मिळाली तशी मोठी पोकळी होते. आत जे वाढले ते कातळ थिजल्यानंतर, झिरपणाऱ्या कोमट किंवा गरम पाण्यातून.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरांवर थर देत पसरला. नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर या पट्ट्यात अनेक प्रवाह एकसंध जाड थराचे नसून लहान लहान जिभांनी एकमेकींवर चढत गेलेले आहेत. प्रत्येक जिभेचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र असतो, त्यामुळे या पट्ट्यात पोकळ्याही अधिक आणि पाण्याला वाटाही अधिक. मराठवाडा आणि विदर्भाच्या काही भागांत जाड, घट्ट आणि एकसंध प्रवाह आहेत. तेथे शेकडो विहिरी खणूनही असा माल क्वचित लागतो. त्यात नशिबापेक्षा प्रवाहाच्या घडणीचा भाग मोठा आहे.

आता थरांकडे येतो. पाण्याने सर्वांत आधी विरघळवली ती लाव्हातली काच, म्हणजे झटपट थंड झाल्यामुळे स्फटिक न होऊ शकलेला भाग. ती फुटली की लोह आणि मॅग्नेशियम लगेच जवळच्या भिंतीवर मातीवर्गीय खनिजांच्या रूपाने बसतात. आपले निळसर हिरवे अस्तर ते हेच. जवळजवळ प्रत्येक पोकळीत पहिला थर याच जातीचा असतो.

काचेतून सिलिकाही, म्हणजे गारगोटी ज्याची बनते तो पदार्थ, भरपूर सुटते. पाण्यात तिचे प्रमाण फार वाढलेले असते तेव्हा ती घाईने, अतिसूक्ष्म तंतूंच्या रूपात बसते आणि दुधी गुळगुळीत थर बनतो. त्याला कॅल्सेडनी म्हणतात, आणि पट्टे असतील तर अकीक. अशी पुष्कळ सिलिका खाली बसली की उरलेल्या पाण्यातले प्रमाण घटते, वाढ संथ होते, आणि त्याच तंतूंच्या टोकांवर गारगोटीचे मोठे षट्कोनी स्फटिक उभे राहतात. आपले टोकदार स्फटिक दुधी थरावर चिकटल्यासारखे न दिसता त्यातूनच वर आल्यासारखे दिसतात, त्याचे कारण हे आहे. ते एकाच सिलिकेचे दोन वेग आहेत.

गुलाबी-केशरी पेंढी म्हणजे स्टिल्बाइट. झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनच्या काही जागा ॲल्युमिनियमने घेतलेल्या असतात. त्यामुळे सांगाड्यावर ऋण भार उरतो आणि तो फेडण्यासाठी कॅल्शियम, सोडियम यांचे आयन सांगाड्यातल्या नळ्यांमध्ये पाण्यासह जाऊन बसतात. हा सगळा माल बेसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजापासून आणि काचेपासून मिळतो. एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे: झिओलाइटमध्येही सिलिका-श्रीमंत आणि सिलिका-गरीब असा भेद असतो. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि मॉर्डेनाइट पहिल्या वर्गातले असल्यामुळे गारगोटीच्या शेजारी सुखाने नांदतात. थॉमसोनाइटसारखे सिलिका-गरीब झिओलाइट ज्या पाण्यातून वाढते त्यात गारगोटी सहसा बसत नाही. एका नमुन्यावर कोणती खनिजे शेजारी आहेत यावरून त्या वेळच्या पाण्याचा स्वभाव असा ओळखता येतो.

सर्वांत वरचे चौकोनी स्फटिक अपोफिलाइट असावेत. बाजारात ते झिओलाइट म्हणून विकले जातात. प्रत्यक्षात ते झिओलाइट नव्हे. त्यांच्या रचनेत ॲल्युमिनियमला जागा नाही. कॅल्शियमबरोबर पोटॅशियम आणि फ्लोरिन लागते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम मुळातच कमी असल्याने हे घटक पाण्यात पुरेसे साठेपर्यंत वेळ जातो, आणि म्हणून अपोफिलाइट बहुधा उशिराच्या पंगतीला असते.

नोंदवही यांचे उत्तर

कातळवाचक सरांच्या उत्तरानंतर घडणीविषयी माझ्याकडे सांगण्यासारखे फार नाही. मी ओळख आणि जपणूक एवढ्यापुरते लिहितो, कारण भुकटीच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

ते पांढरे स्फटिक जवळपास निश्चितपणे लॉमोंटाइटचे होते. त्याच्या सूत्रातल्या दर १८ पाण्याच्या रेणूंपैकी साधारण ४ रेणू कोरड्या हवेत, कोणतीही उष्णता न देता निघून जातात. तेवढ्याने स्फटिक किंचित आकसतो, त्याच्या नैसर्गिक भेगा उघडतात आणि तो आपोआप ढासळतो. पावसाळ्यात तो टिकला तो हवेतल्या ओलाव्यामुळे. थंडीच्या कोरड्या हवेने ते पाणी काढून घेतले. भुकटी ओलसर हवेत ठेवल्यास ती पाणी परत शोषते, पण फुटलेला स्फटिक त्यामुळे जुळून येत नाही. पुन्हा असे स्फटिक निघाले तर विहिरीतून वर काढताक्षणी ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणबंद डब्यात ठेवावेत. काही संग्राहक पातळ केलेला, पारदर्शक वाळणारा पांढरा गोंद त्यात मुरवतात. नमुना त्याने टिकतो, पण चमक जाते, आणि माझ्या मते असा नमुना विकताना किंवा देताना तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

बाकीच्या नमुन्यांत हा धोका नाही. स्टिल्बाइटचे पाणी घरातल्या हवेत टिकते. फक्त ते उन्हात किंवा दिव्याच्या अगदी जवळ ठेवू नये.

ओळख घरीच पडताळता येते. खनिजांच्या १ ते १० या कठिनता-मापावर गारगोटीची कठिनता ७ असल्याने ती काचेवर स्पष्ट ओरखडा उमटवते. स्टिल्बाइटची ३.५ ते ४ असल्याने त्यावर चाकूचे टोक सहज उमटते. ही चाचणी अर्थातच फुटक्या तुकड्यावर, मागच्या बाजूला करावी. पांढरट स्फटिक कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचे खनिज, असल्याची शंका आली तर त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकून भिंगातून पाहावे. कॅल्साइटवर बुडबुडे येतात, झिओलाइटवर येत नाहीत. मात्र गंज काढण्यासाठी म्हणून कोणी तीव्र आम्लात बुडवण्याचा सल्ला दिला तर तो मानू नये. स्कोलेसाइटसारखे सुईदार झिओलाइट आम्लात गळून त्यांचा लगदा होतो, आणि मग काहीच उरत नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश आणि भरपूर सबुरी एवढे पुरे.

अपोफिलाइटविषयी एक इशारा. ज्या माथ्यावर मोत्याची झळाळी दिसते त्याच पातळीला समांतर त्याचे पापुद्रे सुटतात. माथ्यावर बोट टेकवून नमुना उचलण्याची सवय अनेकांना असते. त्यात टोके उडतात. नेहमी खालचा कातळ धरावा.

उष्णजल यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, पण एका मुद्द्यावर मी थोडे वेगळे मत मांडतो. 'आधी अस्तर, मग कॅल्सेडनी, मग गारगोटी, मग झिओलाइट, मग अपोफिलाइट' ही साखळी वाचून कोणाचा असा समज होईल की लाव्हा निवत असताना पाणी एकदाच पोकळीत शिरले आणि एकामागून एक खनिज टाकत गेले. तसे मानण्यास आधार कमी आहे.

ब्रिटिश भूवैज्ञानिक जॉर्ज वॉकर यांनी १९६० च्या सुमारास पूर्व आइसलंडच्या बेसाल्टमध्ये दाखवले की झिओलाइटचे पट्टे लाव्हाच्या थरांना समांतर जात नाहीत. ते थरांना छेदतात आणि मूळ पृष्ठभागापासूनच्या खोलीप्रमाणे बदलतात. एखादा प्रवाह निवत असतानाच त्याची खनिजे बनली असती, तर पट्टे प्रवाहांबरोबर गेले असते. म्हणजे वर नवे थर चढून खालचा कातळ गाडला गेल्यावर, त्या खोलीच्या उष्णतेत खनिजे वाढली. दख्खनमध्येही लॉमोंटाइट, स्कोलेसाइट आणि ह्यूलँडाइट यांचे असे पट्टे संशोधकांनी नोंदवले आहेत. यात लॉमोंटाइट तुलनेने अधिक उष्ण स्थितीचे मानले जाते. तेव्हा मळेकरी यांच्या दोन पोकळ्या दोन हातांवर असूनही त्यांतली खनिजे एकाच काळातली असतीलच असे नाही; कदाचित एका पोकळीकडे जाणारी भेग बुजली आणि दुसरीची उघडी राहिली.

दुसरे, अपोफिलाइटमध्ये पोटॅशियम असल्याने किरणोत्सर्गी कालमापनाने त्याचे वय थेट काढता येते, आणि दख्खनच्या नमुन्यांची अशी वये लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी तरुण निघाली आहेत. तोवर तो कातळ कधीच थंड झालेला होता. त्यामुळे 'उशिराची पंगत' हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटतो. जेवणावळ संपून, मांडव उतरून, दुसरेच कार्य निघाले म्हणावे इतके ते अंतर आहे.

क्रम उलटा झाल्याची उदाहरणेही मुंबईजवळ होती. मालाड आणि कांदिवलीच्या दगडखाणींत, ज्यांच्या जागी आज बहुतांशी इमारती आहेत, प्रेहनाइट या खनिजाची फिकट हिरवी 'बोटे' मिळत. ती अनेकदा आतून पोकळ असत आणि त्या पोकळीचा छेद लॉमोंटाइटच्या स्फटिकाचा असे. लॉमोंटाइट आधी वाढले, त्यावर प्रेहनाइटने कवच धरले, आणि नंतर आतले लॉमोंटाइट नाहीसे झाले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतले कॅव्हन्साइट हे गर्द निळे खनिज स्टिल्बाइटवर बसलेले मिळते. तेही झिओलाइट नव्हे. १९७३ मध्ये नवे खनिज म्हणून त्याचे वर्णन झाले ते अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या नमुन्यांवरून, पण जगभरच्या संग्रहांत आज जे दिसते ते बहुतेक वाघोलीचे. त्याला लागणारे व्हॅनेडियम पाण्यात कधी आले, यावर त्याची पाळी ठरली. थोडक्यात, क्रम वाचावा तो त्या त्या पोकळीपुरता.

मळेकरी

आपणा सर्वांचा आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे फुटक्या तुकड्यांवर पडताळणी केली. टोकदार स्फटिकांनी बाटलीच्या काचेवर ओरखडा काढला, गुलाबी पेंढीवर चाकू उमटला आणि लिंबाच्या रसाने कोठेही बुडबुडे आले नाहीत.

आणखी दोन गोष्टी विचारतो. एका तुकड्यात दुधी थराचा छेद दिसतो. त्याचे पट्टे सर्वत्र पोकळीच्या भिंतीला धरून वळलेले आहेत. एका कोपऱ्यात मात्र ते रेघ मारल्यासारखे सरळ, एकावर एक रचलेले आहेत. हे कशामुळे होते? शिवाय एक व्यापारी येऊन गेला. त्याला फक्त वरचे स्वच्छ चौकोनी स्फटिक सुटे करून हवे आहेत आणि बाकीचा दगड टाकून द्या असे त्याचे म्हणणे आहे. तसे करावे का?

कातळवाचक

उष्णजल यांची दुरुस्ती मला मान्य आहे, विशेषतः कालावधीविषयीची. माझ्या उत्तरात क्रम होता, पण त्यातल्या खंडांची लांबी नव्हती. क्रम पोकळीपुरता वाचावा हेही बरोबरच, फक्त मातीवर्गीय अस्तराचा पहिला क्रमांक मला आजवर फारसा हललेला दिसला नाही.

सरळ पट्ट्यांचा तुकडा आपल्याकडचा सर्वांत मोलाचा आहे, निदान माझ्या दृष्टीने. भिंतीला धरून वळलेले पट्टे चारही बाजूंनी सारख्या झालेल्या वाढीचे असतात. सरळ पट्टे सिलिकेचे कण गुरुत्वाकर्षणाने खाली बसल्यामुळे तयार होतात, आणि म्हणून त्यांची पातळी ही त्या काळची क्षितिजपातळी असते. तो तुकडा विहिरीत कोणत्या बाजूने बसलेला होता हे आपल्या लक्षात असेल तर पट्टे आजही आडवे आहेत की कललेले आहेत ते पाहता येईल. पोकळीचा उरलेला अर्धा भाग अजून भिंतीत असेल तर तेथे तपासणे अधिक खात्रीचे. भूशास्त्रात अशा खुणांवरून कातळ नंतर कलला का ते ठरवतात. यापुढे कोणताही तुकडा सुटा करण्याआधी त्यावर खडूने वरची दिशा आणि उत्तर दाखवणारे बाण काढावेत आणि छायाचित्र घ्यावे.

व्यापाऱ्याच्या मागणीविषयी: सुटे करू नये. अपोफिलाइटचे पापुद्रे सुटतात हे नोंदवही यांनी सांगितलेच आहे, त्यामुळे छिन्नी लावल्यावर चारपैकी किती स्फटिक शाबूत निघतील याची शाश्वती कोणीच देणार नाही. शिवाय हिरव्या अस्तरापासून अपोफिलाइटपर्यंतचे सगळे थर एकाच तुकड्यावर आहेत, आणि जाणकार संग्राहक किंमत देतो ती अशा जोडीची. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात लोहमार्गासाठी कातळ फोडताना निघालेले झिओलाइट परदेशी संग्रहांत गेले, आणि आजही अशा जुन्या नमुन्यांत ज्यांना मागचा कातळ आणि ठिकाणाची चिठ्ठी आहे त्यांनाच अभ्यासमूल्य आहे. आपणही चिठ्ठी लिहावी: गाव, विहिरीची जागा, जमिनीपासूनची खोली, तारीख. सिन्नरलाच 'गारगोटी' हे खनिज संग्रहालय आहे. विक्रीचा निर्णय घेण्याआधी आपला तुकडा घेऊन तेथील नाशिक परिसरातल्या नमुन्यांशी ताडून पाहावा. आणि लॉमोंटाइटची भुकटी टाकून न देता लहान बाटलीत, तीच चिठ्ठी लावून ठेवावी, कारण क्ष-किरण चाचणीला चिमूटभर भुकटी पुरते आणि ओळख पक्की करण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

नोंदवही

चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई ओलीत पसरते, आणि ही बाटली तर ओलसर डब्याशेजारीच राहणार.